मी ओतायला लावलेली आंबील

पोटाच्या आजाराबद्दल खरं कुणी बोलत नाही. छातीत दुखलं तर माणूस चारचौघांत सांगतो. दिवसातून अठरा वेळा परसाकडे जावं लागतं, हे सख्ख्या आईलाही सांगत नाही. मीही सांगितलं नाही. रक्त पडतंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि मी कोण, तर गावोगाव फिरून लोकांना 'आजार लपवू नका' असं सांगणारी. म्हणून आता सगळं लिहिते. लाज वाटली तर वाचणाऱ्याने पान उलटावं, मी उलटणार नाही.

आजाराच्या आधीचं थोडं सांगावं लागेल, कारण माझा आजार माझ्या पोटात सुरू झाला नाही. तो माझ्या पत्रकात सुरू झाला.

पत्रक

मी पाम गावची. घरची वाडी, घरचं भात. मॅट्रिकनंतर बोईसरला आम्ही पाचसात जणांनी मंडळ काढलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, स्टेशनात हिंदी ऐकू येऊ लागली होती, आणि रुळांच्या पूर्वेला डोंगराखालच्या पाड्यांवर मात्र माणसं जुलाबाने मरत होती. याचा आम्हाला संताप होता. तो संताप खरा होता, अजूनही आहे. मंडळात पत्रकं लिहायचं काम माझं. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, यंत्राचा दांडा फिरवायचा, हाताला शाई.

त्या पत्रकाचं नाव मी ठेवलं, 'आंबलेले ते नासलेले'. आत तीन हुकूम होते. पाणी उकळून प्या. आंबवलेलं, शिळं काही खाऊ नका. जुलाब लागले तर दोन दिवस पोट रिकामं ठेवा. पहिला हुकूम बरोबर होता. त्या एका बरोबर वाक्याच्या खांद्यावर बसून बाकीची दोन पाड्यावर गेली.

तिसरं मी एका जुन्या आरोग्यपुस्तिकेतून उचललं. तेव्हा शिकलेली माणसंही तसंच सांगत. पण दुसरं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते माझ्या नाकाने ठरवलं. पाड्यावर दर घरात चुलीमागे एक मडकं असायचं. त्यात नागलीचं पीठ पाण्यात कालवून आंबवायचं, दुसऱ्या दिवशी त्यातलं काढून कण्यांबरोबर शिजवायचं, मीठ घालून प्यायचं. ती आंबील. मडकं कधी घासायचं नाही. तळाशी चार बोटं जुनं ठेवायचं, त्यावर नवं पीठ. नवी सून आली की सासूच्या मडक्यातलं आंबवण तिच्या मडक्यात. मी वाकून वास घेतला आणि मागे सरले.

आमच्या घरी रोज दही लागायचं, त्याला मी विरजण म्हणायची. त्यांच्या मडक्यात तेच व्हायचं, त्याला मी घाण म्हटलं.

माघात एका दुपारी मी पाड्यावरच्या बायकांना पत्रक वाचून दाखवलं आणि सगळ्यांची मडकी बाहेर आणवली. पाड्याच्या कडेला ओतवली. राख आणि उकळतं पाणी घेऊन घासवली. सगळ्यांत आधी ओतलं लखमीने. तिला तीन वर्षांची मंगली होती, आधीचं एक गेलेलं. मी पाड्यावर आले की ती माझ्यासाठी घोंगडी झटकून टाकायची. माझ्यावर तिचा विश्वास होता. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

म्हातारी बायजी कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "ताय, तुजे घरची दह्याची मडकी बी ओतलीस का गे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढचं मडकं ओतायला लावलं.

मंगली

भादव्यात मंगलीला जुलाब लागले. मला निरोप आला नाही. आला असता तरी मी पत्रकातलंच सांगितलं असतं. मी गेले तेव्हा तिला पुरून दोन दिवस झाले होते.

लखमी ओट्यावर बसली होती. पोट पुढे आलेलं, सहावा लागला असेल. मी काय बोलले ते मला आठवत नाही. ती बोलली ते आठवतं.

"तू सांगितलास तसाच केला," ती म्हणाली. "दोन दिस काय दिला नाय. आंबील मागत होती. पानी मागत होती. पोट रिकामा ठेवला."

आवाजात राग नव्हता. तिला वाटत होतं, मी तिला विचारायला आले आहे की सगळं नीट पाळलं का. ती मला हिशेब देत होती.

मग उठून तिने मला पाण्याचा तांब्या दिला. पाणी ओहोळाच्या डबऱ्यातलं, हे मला दिसत होतं. 'उकळलंय का' असं विचारायची ताकद माझ्यात नव्हती. मी प्याले. आव मला तिथूनच लागली असं म्हणवत नाही, आठवडाभर मी चार पाड्यांवर पाणी प्याले होते. लखमीवर तर मुळीच टाकत नाही. मी फक्त काय झालं ते सांगते.

सतरा दिवस

आधी मुरडा. नुसता, बेंबीभोवती ओला कपडा पिळावा तसा. मग शेंब, मग रक्त. मी परसात जायची ती वाडीच्या टोकाला, नारळींच्या मागे, म्हणजे कुणाला मोजता येऊ नये.

दादाने मला पालघरला नेलं ते मी अंगणात बसले ती उठलेच नाही म्हणून. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, विचारलं, "किती दिवस?"

"चार," मी म्हटलं.

मागून आई म्हणाली, "सतरा." आणि पदराने तोंड पुसत पुढे, "तांब्या किती वेळा हलतो ते मला कळत नाही होय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना त्या, पत्रकं वाटणाऱ्या?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण तो लागला.

आव पक्की होती. दहा दिवस रोज एक इंजेक्शन. त्याने हृदय थकतं, म्हणून खाटेवरून उठायचं नाही, भांडं खाटेवरच. घरातली माणसं बाहेरच्या ओट्यावर थांबायची. तिथे दादा आणि आई भांडायचे ते मला खिडकीतून ऐकू यायचं. "कुणी सांगितलं होतं हिला पाड्यांवर फिरायला? आता बायको म्हणून कोण करणार हिला?" "करू नका कुणी. आधी जगू दे." आई एवढंच म्हणायची, पण रोज म्हणायची.

डबे

दवाखान्यातली सकाळ सहाला डब्यांनी सुरू व्हायची. प्रत्येकीचा झाकणाचा डबा, त्यावर चिकटपट्टीवर नाव. तपासणीला जायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर किनाऱ्यावरची एक कोळीण होती, सगळ्या तिला नानी म्हणायच्या. तिला पोटात गाठ होती, पण जीभ शाबूत होती.

"ए पत्रकवाले, तुजा डबा माज्या डब्याजवल नको ठेवू. निकाल बदलंल नि मला तुजी इंजेक्शना देतील."

हसलं की मुरडा उठायचा, म्हणून मी हसू दाबायची, म्हणून ती आणखी बोलायची. भीतीच्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं सुख. दुसरं म्हणजे आईने वेणी घालून दिलेली, गुंता सोडवायला तिला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ माझ्या डोक्यावर तिचे हात होते.

सुरुवातीचे दोन दिवस तोंडाने काही द्यायचं नाही असं ठरलं होतं. शिरेतून सलाईन चालू होतं, म्हणजे शरीर सुकणार नव्हतं. पण तोंडाला ते कळत नाही. टाळ्याला जीभ चिकटायची. ओठावर ओला कापूस फिरवायचे आणि मी तो चोखायला बघायची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली.

मी भुताखेतांना मानत नाही. त्यावरही पत्रक लिहिलेलं आहे. ताप होता, हेही मान्य. तरी दिसलं ते लिहिते. खाटेच्या पायथ्याशी मंगली उभी होती. नेसूला काही नाही, गळ्यात काळा दोरा, हातात नारळाची करवंटी. रडत नव्हती. तिने करवंटी माझ्यापुढे केली, ती रिकामी होती, आणि वाट बघत राहिली. ती मी भरायची होती. मला उठायची बंदी होती. ती उभी राहिली, उन्हाची तिरीप खिडकीतून भिंतीवर सरकत गेली, नानी घोरत होती, आणि ती तशीच. तिला घाई नव्हती.

संध्याकाळी नानी म्हणाली, "दोपारभर आंबील मागत व्हतीस. 'आंबील दे, आंबील दे.' तुमचे घरात आंबील करतात?"

आमच्या घरात कधीच केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीला आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं. माझ्याबद्दल नाही असं दाखवत विचारलं. तीन वर्षांचं पोर, जुलाब, दोन दिवस काही दिलं नाही, पाणीसुद्धा नाही, तर?

ते चालता चालता थांबले. "पाणीसुद्धा नाही? सलाईनशिवाय? जुलाबाने जातं ते पाणीच जातं. पाणी, पेज, ताक, काही ना काही घोटघोट द्यायलाच हवं. कुठल्या गाढवाने सांगितलं हे?"

 त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

टोपलं

आव गेली. तपासणीत स्वच्छ निघाले. पण आजार गेला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. घरी आले ती हाडं आणि वेणी. दूध घेतलं की पोट फुगायचं. भात पंधरा मिनिटांत जसाच्या तसा बाहेर. वहिनीने माझी ताट-वाटी वेगळी ठेवली, पोरांमुळे, आणि तिचं चुकलं नव्हतं, पण ती वेगळी ठेवलेली वाटी बघून जेवण तिथेच संपायचं. मला खरंच वाटलं की आता पोट असंच राहणार आणि मी सुकत जाणार. आणि ते योग्यच आहे असंही वाटायचं.

दिवाळी उलटल्यावर बायजी सरपणाची मोळी घेऊन पामला आली. आमच्या अंगणात टेकली. मला बघून आईला म्हणाली, "ही कोन, हाडांची?"

"कुसुमच की ती."

बायजी माझ्याजवळ आली, मनगट धरून बघितलं, जनावर बघतात तसं.  दोन दिवसांनी परत आली, डोक्यावर मोळी आणि कमरेवर मडकं. मडक्यात आंबील. कनवटीला बांधलेल्या फडक्यात मुरुडशेंगा, पिळलेल्या दोरीसारख्या दिसतात त्या, आणि कुड्याच्या सालीचे तुकडे.

मी म्हटलं, "मडकी तर मी ओतवली होती."

"तू ओतवलीस ती ओतली," बायजी म्हणाली. "माजा एक डालग्याखाली होता, वर कोंबडी बसवलेली. तू भारी शिकलेली, ताय. पन डालग्याखाली बघाया नाय शिकलीस."

आई हसली. कित्येक दिवसांनी हसली.

त्या एका मडक्यातल्या आंबवणावर अख्ख्या पाड्याची मडकी पुन्हा लागली होती. माझं पत्रक आठवडाभर टिकलं होतं, एवढंच. मी उगाच भाषणं करत फिरत होते.

"लखमीचं पण?" मी विचारलं.

बायजीने मोळीची दोरी सोडवायला घेतली. "लखमी नाय करत. लखमी तुजा कागद धरून हाय. खांबाला लावलाय."

पहिल्या दिवशी मी पातळ आंबील दोन चमचे घेतली. वास तोच, ज्याने मी मागे सरले होते. आंबट, मातीसारखा, भाजल्यासारखा. पोटात गेली आणि राहिली. तासभर मी वाट बघितली, राहिली. दुसऱ्या दिवशी चार चमचे. मुरड्यावर बायजीने मुरुडशेंग सहाणेवर उगाळून चाटवली. ती कळ मऊ करते, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते. कुड्याची साल कडूजहर, डॉक्टरांना विचारल्यावर ते म्हणाले तिची आता गरज नाही, ठेवून द्या. आई भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सुंठ घालून ताजं ताक द्यायची. तीन आठवड्यांत भात राहू लागला.

इथे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण माझ्या एका अर्धवट वाक्याने काय झालं ते मला माहीत आहे. आव इंजेक्शनांनी गेली. आंबिलीने गेली नाही. रक्त पडत असेल तर मडक्यापाशी बसू नका, दवाखान्यात जा, आणि सतराव्या दिवशी जाऊ नका. पण दवाखान्याने सोडल्यावर रिकामं, घाबरलेलं पोट परत माणसात आणलं ते त्या मडक्याने. औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या मागून.

खांबावरचा कागद

मी मंडळात गेले आणि म्हटलं, पत्रक मागे घेऊ या, चूक छापून जाहीर करू या. मंडळ दोन तास बोललं. एकाने म्हटलं, लोकांचा आपल्यावरचा विश्वास जाईल. दुसऱ्याने म्हटलं, हळूच नवीन काढू, जुन्याचं नाव नको. मी टेबलावर हात आपटला. एक पोर गेलं आणि यांना विश्वास सांभाळायचा होता. नवीन पत्रक मी स्वतः कोरलं, वर माझं नाव घातलं, 'मागचे पत्रक चूक होते' हे पहिलं वाक्य. मंडळ तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलू दे.

पण खरी भीती मंडळाची नव्हती. लखमीच्या खांबावर जुना कागद होता. तो तिथे होता तोवर मंगली नियम पाळून, नशिबाने गेली. मी तो काढला की मंगली तिच्या आईच्या हाताने गेली. माझ्या हाताने, मी म्हणेन. पण पाणी मागितलं होतं ते लखमीकडे. हे मी तिला कशी सांगू? आणि नाही सांगितलं, तर तिच्या पोटात दुसरं वाढत होतं, ते जन्मणार होतं, आणि एक दिवस त्यालाही जुलाब लागणार होते.

भात झोडून झाल्यावर पाड्यावरची बरीच माणसं कामाला बाहेर पडतात. लखमी आणि तिचा नवरा वैतरणेच्या खाडीवर रेतीच्या कामाला गेले होते. शिमग्याला परत येतात. चार महिने मी वाट बघितली. त्या चार महिन्यांत मंगली बऱ्याचदा आली. तापाशिवाय आली. ताक घुसळताना आली. करवंटी घेऊन उभी राहायची.

शिमग्यानंतर गेले. लखमीच्या मांडीवर दीड महिन्याची मुलगी होती, खाडीवर झालेली. कागद खांबाला होता, चुलीच्या धुराने तपकिरी.

मी सगळं सांगितलं. घुमवून फिरवून नाही, मला ते येतही नाही. पाणी द्यायला हवं होतं. आंबील द्यायला हवी होती. मी चुकीचं लिहिलं, तू ते पाळलंस, मंगली सुकून गेली.

तिने मुलीला या थानावरून त्या थानाला घेतलं.  मग म्हणाली, "नवा कागद आनलास?"

मी काढला. वाचून दाखवला.

"हा बी चुकला तर?"

मी कागदाची घडी घातली. 

"कागद नको ठेवू," लखमी म्हणाली. "हिला जुलाब लागला तर तू ये. सांगाया नको येऊ. येऊन बस."

जुना कागद तिने काढला नाही. मीही हात लावला नाही.

गाडीत

भादवा पुन्हा आला. सकाळी लखमीचा नवरा पामला आमच्या दारात उभा. "लखमी बोलवते. पोरीला जुलाब लागलाय."

मी पोचले तेव्हा मुलीचे डोळे आत गेले होते, पण ती रडत होती, आणि रडताना डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याला बैलगाडी आणायला पाठवलं. बायजीच्या मडक्यातली आंबील उकळून, गाळून, पाण्यासारखी केली, मीठ टाकलं. लखमी अंगावर पाजायची, मग मी चमचा, मग पाजायची, मग उकळलेलं पाणी. ओकली. थोडं थांबून परत चमचा. मला काही सांगायचं नव्हतं, म्हणून मी काही सांगितलं नाही. बसले.

गाडी आली, पालघरच्या वाटेला लागलो. मुलगी माझ्या मांडीवर, वाटी माझ्या हातात, चमचा लखमीच्या. पोर मुतते का ते बघत राहा, मुतत नसेल तर एक क्षण घालवू नका, असं डॉक्टरांनी मला सांगून ठेवलेलं. मी दर थोड्या वेळाने हात घालून बघत होते. कोरडं. परत कोरडं. गाडीच्या मागे वाटेवर कुणी चालत येतंय का, हे मी बघायचं नाही असं ठरवलं होतं.

ओहोळ ओलांडून गाडी चढाला लागली आणि माझ्या मांडीला ऊब लागली. लुगडं भिजलं.

"मुतली," मी म्हटलं.

लखमीने हात घालून बघितलं. ओला हात तिने पदराला पुसला नाही, तसाच धरून ठेवला.

"मंगली नव्हती मुतली," ती म्हणाली. "दोन दिस. परसाकडंला बी नाय. सगला थांबला, तं मला वाटला, बरी झाली. मी बायजीला जाऊन सांगितला, ताय सांगितलन तसा केला, नि पोर बरी झाली."

बैल चढावर धापा टाकत होते. मी वाटी पुढे केली. तिने चमचा भरला.